वरमाईला हिरवी फीत

अपघातातून आलेल्या माणसांत मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती चहापाण्याची चौकशी करणाऱ्याची. बोंबलणाऱ्याची नाही. बोंबलायला श्वास लागतो, अंगात जोर लागतो आणि डोकं थोडंफार ठिकाणावर असावं लागतं. "मेलो, मेलो" म्हणणारा माणूस सहसा मरत नाही. त्याला बाकावर बसवायचं, नाव विचारायचं आणि पुढे सरकायचं. पण कोपऱ्यात भिंतीला टेकून "सिस्टर, तुमी जेवलात का?" असं विचारणारा कुणी दिसला, की हातातलं काम टाकून मी आधी त्याची नाडी धरते.

मी हिंगोलीतल्या एका दवाखान्यात अपघात विभागाची सिस्टर आहे. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहायचं तर परवानगी मागावी लागेल, आणि परवानगी येईपर्यंत दिवाळी होऊन जाईल. दिवाळी अंकाच्या संपादकांनी निरोप दिला होता, "मन हेलावून टाकणारा अनुभव लिहा." तसला माल माझ्याकडे फारसा नाही. आमच्या कामात मन हेलावलं की हात हेलावतो, आणि मग सुई भलत्याच जागी जाते.

रेल्वेचा अपघात म्हटलं की लोकांना टीव्हीवरचं काहीतरी आठवतं. आमच्याकडे येतात ते बहुतेक लहान अपघात. गाडीने जोराचा गचका मारलेला असतो, नाहीतर एखादं जनावर रुळावर आलेलं असतं. पण माणूस कसा लागतो, ते लहान-मोठ्या सगळ्या अपघातांत सारखंच. गाडीत कुणी पट्टा बांधून बसत नाही. गाडी थांबते, आतला माणूस थांबत नाही. तो समोरच्या बाकावर, दाराच्या लोखंडी दांड्यावर नाहीतर समोरच्या माणसावर आदळून थांबतो. तो थांबला तरी त्याच्या पोटातले अवयव अजून थोडे पुढे जातात. आणि हे सगळं आटोपतं न आटोपतं तोच वरच्या फळीवरचं सामान खाली येतं.

हे सामान हा स्वतंत्र विषय आहे. आपल्याकडचा माणूस पाहुण्याच्या गावाला रिकाम्या हाताने जात नाही, त्यामुळे आमच्या रुग्णांच्या डोक्यावर काय काय पडलेलं असतं ते विचारू नका. हळदीची पिशवी, कुकर, पाटा (वरवंटा वेगळा, तो शेजारच्याच्या पायावर). एकदा एका बाईंना चौघांनी उचलून आणलं. डोक्यापासून कमरेपर्यंत लालभडक. सोबतची माणसं रडत होती. मी जवळ गेले तर मेथीचा वास आला. वरून लोणच्याची बरणी फुटली होती. जखम म्हणाल तर एक ओरखडा. डोळे धुऊन दिल्यावर बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "खालचं अर्धं राहिलं असंल की वो बरणीत?"

एकदा वरच्या बाकावर झोपलेला एक जाडजूड माणूस थेट खालच्या माणसावर पडला. पडणाऱ्याला काहीही झालं नाही. खालच्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. दोघांना शेजारी शेजारी ठेवलं होतं. वरचा रात्रभर कण्हत होता आणि खालच्याकडे बोट दाखवून सांगत होता, "लई कडक मानूस हाय हो, मला भयान लागला."

एकाच वेळी अशी वीस-पंचवीस माणसं दारात आली, की कुणाला आधी बघायचं हे ठरवण्यासाठी आम्ही मनगटाला रंगीत फिती बांधतो. लाल म्हणजे याला आत्ता बघा, नाहीतर हा जाईल. पिवळी म्हणजे याला बघायचंच आहे, पण तो थोडा थांबू शकतो. हिरवी म्हणजे चालता-बोलता, याला बसवून ठेवा. चौथी फीत काळी, तिच्याबद्दल सांगायची गरज नाही. पद्धत इतकी सोपी आहे की कुणालाही कळावी. मुंजाजींच्या मुलीच्या लग्नाचं वऱ्हाड येईपर्यंत माझाही तसाच समज होता.

मुंजाजी म्हणजे जवळा बाजारकडचे शेतकरी. पन्नाशीचा, काटक, हसतमुख माणूस. हिंगोलीतल्या मंगल कार्यालयात दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीचं लग्न होतं. नवरदेवाकडची मंडळी वाशीमच्या पलीकडची. ती रेल्वेने येणार होती, आणि त्यांना आणायला मुंजाजी स्वतः गेले होते. कुणी पोरगं पाठवलं असतं तरी चाललं असतं, पण मुलीच्या बापाने जातीने आणलेलं वऱ्हाड जास्त खूश असतं. गाडीत सगळ्यांना जागा मिळाली होती. मुंजाजींनाही मिळाली होती. तरी ते बसले नाहीत. व्याही मंडळींच्या पुढ्यात टेकून बसायचं म्हणजे बरं दिसत नाही, म्हणून ते दाराजवळ नवरदेवाकडच्या साड्यांच्या लोखंडी पेटीला धरून उभे राहिले आणि सगळ्यांना पाणी विचारत राहिले.

हिंगोली जवळ आली असताना इंजिनापुढे म्हशी आल्या. चालकाने ब्रेक लावला, त्याच्याकडून जेवढं होण्यासारखं होतं तेवढं त्याने केलं. मागच्या एका डब्याची चाकं रुळावरून उतरली आणि डबा थोडा कलंडून थांबला. तो डबा वऱ्हाडाचा होता.

मुलीकडची माणसं बँड घेऊन स्टेशनवर उभीच होती. त्यांना फोन गेला, तशी ती मांडववाल्याचा टेम्पो घेऊन तिकडे धावली. त्यामुळे आमच्या दारात जखमी आले ते प्लॅस्टिकच्या झेंडूने सजवलेल्या टेम्पोतून. मागून जीप, ऑटो आणि त्यांच्या मागून बँड. टेम्पो थांबला तेव्हा ट्रम्पेटवाल्याने मला अगदी नम्रपणे विचारलं, "बाई, वाजवायचं का न्हाई?"

"बाजूला हो," मी म्हटलं, आणि फिती घेऊन कामाला लागले.

सगळ्यात आधी मला गाठलं ते नवरदेवाच्या आईने, चंद्रकलाबाईंनी. भरभक्कम बाई. कपाळावर टेंगूळ आलेलं, बाकी आवाज, चाल, नजर सगळं खणखणीत. मी बोटं मोजायला सांगितली. त्यांनी बोटं मोजली आणि माझ्या बोटात अंगठी नाही हेही सांगितलं. मी हिरवी फीत बांधली आणि बाकाकडे हात केला.

त्यांचे भाऊ, म्हणजे नवरदेवाचे मामा, यांचं मनगट सुजलं होतं. एक्स-रे काढावा लागणार होता. त्यांना पिवळी. एका चणे विकणाऱ्याला गुडघ्याला खरचटलं होतं. त्याला हिरवी. नवरदेवाला काहीच झालं नव्हतं, नुसता घाबरला होता. त्यालाही हिरवी.

मग दाराशी उभे असलेले मुंजाजी दिसले.

"सिस्टर," ते म्हणाले, "मंडळीला च्या कुठं मिळंल? लई तकलीफ झाली त्याहिला."

मी हात धरला. दुपारची वेळ, बाहेर ऊन रणरणत होतं आणि हा हात गार. नाडी बोटाखाली पळत होती, पण बारीक. कपाळावर घाम होता.

"तुम्हाला कुठं लागलं?"

"मला? न्हाई वो. पेटीचा कोपरा लागला जरासा. डावा खांदा भरून आलाय, ते उभं राहून आलं असंल."

मी खांदा बघितला. खांद्याला खरचटलंही नव्हतं. मग मी डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांवर हलकं दाबलं. ते "काई न्हाई, काई न्हाई" म्हणत होते आणि त्यांचे ओठ पांढरे होत होते.

बाहेरच्या वाचकासाठी सांगते. डाव्या बरगड्यांच्या आड पानथरी, म्हणजे प्लीहा, असते. भरपूर रक्त धरून ठेवणारा, नाजूक अवयव. ती फाटली की रक्त पोटातच साचतं, बाहेर थेंब दिसत नाही. ते रक्त छाती-पोटामधल्या पडद्याला लागलं की माणसाचा खांदा दुखतो. म्हणजे फाटतं पोटात आणि दुखतं खांद्यात. असा माणूस थोडा वेळ अगदी बरा दिसतो, बोलतो, चहा विचारतो. मग एकदम खाली बसतो आणि उठत नाही.

मी त्यांना लाल फीत बांधली. त्या दिवशीची एकच लाल. "इथंच बसा, हलू नका, स्ट्रेचर येतंय," असं सांगितलं, आत जाऊन सर्जनना गाठलं आणि म्हटलं, "सर, पानथरी वाटतेय. सोनोग्राफीला पाठवते." मग शेषरावला, आमच्या वॉर्डातल्या सेवकाला, हाक मारली. "लाल फीतवाल्या पेशंटला उचल आणि सरांकडे ने. पळ."

आता मी आत असताना बाहेर काय घडलं, ते मला नंतर चणेवाल्याने सांगितलं. त्याला सगळं दिसत होतं आणि त्याचं मन पूर्ण लागलं होतं.

बाकावर बसून चंद्रकलाबाईंनी आजूबाजूच्या मनगटांचा अभ्यास केला होता.

"पाहा बरं," त्या भावाला म्हणाल्या, "तुले पिवळी. मले हिरवी. अन त्या चनेवाल्याले बी हिरवीच!"

"माहं मनगट बी दुखूनच राह्यलं," मामा पिवळी फीत जरा वर करून म्हणाले.

"दुखायचा सवाल नाई. वरमाय कोन हाय? अन हे पाहा, पोरीच्या बापाले लाल! आपल्याले बसवलं बाकड्यावर, अन त्याईले गादीवर नेऊन राह्यले. आमच्याकडं असं नसते."

मुंजाजी तिथून चार हातांवर होते. त्यांनी ते ऐकलं. आमच्या भागात व्याह्याला इवाई आणि विहिणीला इहीण म्हणतात. पोरीच्या बापाला दोन दिवस त्यांच्याशिवाय दुसरा देव नसतो. माझ्या स्वतःच्या समाजात लग्न बुद्धवंदना घेऊन अर्ध्या तासात लागतं, पण मानापानाचं म्हणाल तर आम्हीही त्यात कुणाला हार जात नाही, त्यामुळे मी त्यांना हसू शकत नाही. मुंजाजींनी एका हाताने आणि दातांनी मनगटावरची गाठ सोडली. चंद्रकलाबाईंसमोर गेले, हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं बाई त्या सिस्टरचं. नव्या असतील. मान तुमचा हाय." आणि लाल फीत त्यांच्या मनगटाला बांधली.

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षं तिथे काम करत होते, ते असो.

शेषरावने बरोबर सांगितलं तेच केलं. लाल फीत शोधली, चंद्रकलाबाईंना स्ट्रेचरवर घेतलं आणि पळाला. बाई हात पोटावर ठेवून, सगळ्यांकडे बघत बघत गेल्या.

थोड्या वेळाने सोनोग्राफीच्या खोलीतून सर्जनचा आवाज आला. "सिस्टर, यांच्या पोटात रक्त नाही. जेवण मात्र भरपूर आहे."

मी आत गेले. पलंगावर चंद्रकलाबाई. सर त्यांना विचारत होते, "डाव्या बरगडीत दुखतंय ना?"

"दुखत नाई," बाई विचार करून म्हणाल्या, "पन तुमी एवढं म्हनून राह्यले तं दुखत असन."

"ही फीत तुम्हाला कुणी बांधली?" मी विचारलं.

"इवाईनं. मी मांगितली नाई. त्याईनं आपल्या हातानं बांधली."

मी बाहेर पळाले. बाकावर मुंजाजी नव्हते, दाराशी नव्हते. फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर सापडले. एका हाताने टपरीच्या फळीला धरून ते दुसऱ्या हाताने वऱ्हाडाला कप देत होते. तोंडाचा रंग उडाला होता. दोन-तीन ग्लास पाणी पिऊनही त्यांची तहान भागत नव्हती, आणि आत रक्त गेलेल्या माणसाची ही तहान मला अजिबात आवडली नाही.

"मुंजाजी, चला. आडवे व्हा."

"इहीणबाईचं तपासून झालं का?"

"त्यांना काही झालेलं नाही. तुम्हाला झालंय. पोटात रक्त वाहतंय तुमच्या."

"आधी सगळ्याहिचं होऊ द्या, बाई. मग माझं बघू. मी कुठं पळून चाललोय?"

सर्जनही मागून आले. त्यांनी नीट समजावलं, मग रागावून समजावलं. मुंजाजी त्यांच्याही पुढे हात जोडत होते. दोघांनी धरून उचलू म्हटलं तर अंग चोरून मागे सरत होते, आणि त्या माणसाशी ओढाताण करणं म्हणजे फाटलेलं आणखी फाडणं.

"तुमाला काय सांगू, सिस्टर," ते हळू आवाजात म्हणाले. हसणं गेलं होतं. "उंद्या लग्न हाय. वऱ्हाड बाकड्यावर अन पोरीचा बाप गादीवर, हे गावात गेलं ना, तर लेकराला जलमभर ऐकावं लागंल. मला जरा दम धरवंल. तिला सासरी राहायचंय."

यावर मी वाद घातला नाही. पोटात रक्त साचत असलेल्या माणसाशी रीतिरिवाजांची चर्चा करायची नसते. मी उलट्या पावली सोनोग्राफीच्या खोलीत गेले. चंद्रकलाबाई अजून आडव्याच होत्या.

"बाई," मी म्हटलं, "तुमच्या इवाईची पानथरी फाटलीय. ते आडवे व्हायला तयार नाहीत, कारण तुमचा मान राहिला पाहिजे. तुम्ही सांगितलं नाही, तर थोड्या वेळात ते आपोआप आडवे होतील. मग उद्या लग्न नाही, सुतक."

बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं. नंतर मनगटाकडे बघितलं. कुणीतरी तोंडावर पाणी मारल्यासारखा चेहरा झाला. पुढच्या क्षणी त्या पलंगावरून उतरल्या आणि चप्पल न घालता चालू लागल्या. मी मागे, माझ्यामागे शेषराव रिकामं स्ट्रेचर ढकलत.

फाटकाशी जाऊन त्या मुंजाजींसमोर उभ्या राहिल्या. कमरेवर हात.

"इवाई! वरपक्षाचं आइकता का नाई?"

"आइकतो ना, बाई. काहून नाही आइकनार?"

"मंग निजा."

"हितं?"

"हितंच!"

स्ट्रेचर दहा पावलांवर होतं. पण हुकूम झाला होता. मुंजाजी टपरीसमोरच्या फरशीवर, सांडलेल्या चहात, सरळ पाय करून निजले. एवढा आज्ञाधारक रुग्ण मी त्याआधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. चंद्रकलाबाईंनी खाली बसून लाल फीत सोडली, त्यांच्या मनगटाला दोन गाठी मारून बांधली आणि बजावलं, "आता हे सोडलं, तं आमचा अपमान केला असं समजीन."

"न्हाई सोडत," मुंजाजी म्हणाले.

स्ट्रेचरवर घेता घेताच त्यांची शुद्ध हरपायला लागली. मी दोन्ही हातांना सलाईन लावलं. सोनोग्राफीत पोट रक्ताने भरलेलं दिसलं. सरांनी बघितलं न बघितलं आणि थिएटरकडे बोट केलं. रक्त लागणार होतं. वऱ्हाडातली माणसं अपघातातली, त्यांचं चालत नाही. फाटकाबाहेर बँड उभा होताच. "वाजवायचं का" असं विचारणारा ट्रम्पेटवाला आधी पुढे आला, मागून ढोलवाला, मग मुलीकडची माणसं.

पानथरी काढावी लागली. ती नसतानाही माणूस जगतो. पुढे काही लसी घ्याव्या लागतात, तापाला हलक्यात घ्यायचं नसतं, एवढंच. संध्याकाळी मुंजाजी वॉर्डात आले. नाडी बोटाखाली नीट लागत होती. भूल उतरताना पहिलं वाक्य बोलले ते, "लग्न थांबवू नका." दुसरं, "च्या दिला का सगळ्याहिला?"

इथे गोष्ट संपायला हवी होती. दुसऱ्या दिवशी माझी सकाळची पाळी होती आणि मला शांतता अपेक्षित होती.

पोटाचं ऑपरेशन झालं की आतडी झोपतात. ती जागी झाली की नाही, हे कळायची जुनी आणि खात्रीची खूण एकच, ती म्हणजे वारा सरणे. आता काही डॉक्टर तेवढी वाट बघत नाहीत, पण आमचे सर जुन्या वळणाचे. वारा सरेपर्यंत तोंडात थेंबभर पाणी नाही, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

हे चंद्रकलाबाईंनी ऐकलं. त्यांनी कार्यालयात जाहीर केलं, "लग्न मुहूर्तावर लागन. पन पंगत बसनार नाई. आमचा इवाई पान्याचा घोट घेत नाई, तवरोक वरपक्षाच्या तोंडात घास जानार नाई. हा आमचा शब्द हाय."

लग्न मुहूर्तावर लागलं. मुलीच्या काकांनी कन्यादान केलं. आणि मग शे-दोनशे माणसं पत्रावळ्यांसमोर उभी राहिली आणि आमच्या वॉर्डातला फोन वाजायला लागला.

"सिस्टर, मी नवरदेवाचा मामा. सरला का?"

"नाही."

जरा वेळाने, "सिस्टर, मी आचारी बोलून राहिलो. वरण घट्ट व्हायलंय. काई अंदाज?"

"माझ्या हातात नाही, दादा."

मग अनोळखी आवाज, "ताई, आमाला जिंतूरची गाडी धरायची हाय, जरा बघा ना."

शेवटी चंद्रकलाबाई स्वतः ऑटो करून आल्या. सोबत नवरा-नवरी, मुंडावळ्यांसकट. मुलगी बापाच्या पायाशी बसली. बाई कॉटच्या उशाशी उभ्या राहिल्या आणि मुंजाजींच्या पोटाकडे टक लावून बघू लागल्या.

मी स्टेथोस्कोप पोटाला लावला. आतडी चांगली जागी होती. आत बैलगाडी चालल्यासारखा आवाज येत होता. पोट ताणलं होतं आणि मुंजाजींचा चेहरा लाल झाला होता. मला कळेना. मी त्यांच्या तोंडाशी कान नेला.

"काय होतंय?"

"सिस्टर," ते कुजबुजले, "सकाळधरनं दाबून धरलंय. इहीणबाईसमोर कसं सोडू?"

मी सगळ्यांना बाहेर काढलं. चंद्रकलाबाई हलेनात. "मी हाय ना संगं, त्याईले धीर येईन."

"बाई, तुम्ही इथे आहात तोवर तो माणूस काही सोडणार नाही. बाहेर."

दार लावलं. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. वर्षानुवर्षं काम केल्यावर माणूस बऱ्याच आवाजांना सरावतो, पण तो आवाज माझ्या लक्षात आहे. व्हरांड्यात सगळ्यात आधी नवरी हसली. मग मामा हसले, ते मागून दुसऱ्या ऑटोने आले होते. आणि चंद्रकलाबाईंचा खणखणीत आवाज आला, "चाला! पानं मांडा म्हना तिकडं!"

त्या सगळ्यांना घेऊन कार्यालयाकडे गेल्या. मी चमच्यात पाणी घेतलं आणि मुंजाजींच्या ओठांशी नेलं. त्यांनी तोंड मिटलं.

"वऱ्हाड जेवलं का?"

"जेवायला बसलंय. तुम्ही प्या."

"त्याहिचं होऊ द्या आधी. मी मुलीचा बाप हाय."

मी फोन लावला. पलीकडे चंद्रकलाबाई पंगतीत बसल्या होत्या.

"घोट घेतला का इवाईनं?"

"तुम्ही घास घ्या, मग घेतो म्हणतात."

"असं नाई जमत. आमचा शब्द हाय. आधी त्याईनं."

मुंजाजींना ते ऐकू जात होतं. त्यांनी ओठ आणखी घट्ट केले. जखमेला टाके, पोटात काल दुपारपासून काही नाही, आणि तिकडे दोनशे माणसं हात धुऊन बसलेली. मी या नोकरीत बरेच निर्णय घेतले आहेत. हा त्यातला एक.

"ऐका दोघंही," मी फोन मोठ्या आवाजावर टाकून म्हटलं. "बाई, घास हातात घ्या. मुंजाजी, तोंड उघडा. मी तीन म्हणेन तेव्हा दोघांनी एकदम. कुणी आधी नाही, कुणी मागे नाही. चालेल?"

मुंजाजींनी फोनकडे बघितलं. मग मुंजाजींनी मान हलवली आणि फोनमधून आलं, "चालन. बराबरीनं असन तं चालन."

मी एक म्हटलं, दोन म्हटलं, तीन म्हटलं आणि चमचा त्यांच्या तोंडात रिकामा केला. मुंजाजींच्या गळ्याची घाटी वरखाली झाली. त्यांनी डोळे मिटले. ते तसेच पडून राहिले, आणि मला वाटलं, आता याला जरा झोप लागेल.

चहा विचारणाऱ्या प्रत्येकाला अशी विहीण भेटत नाही. ज्यांना भेटली नाही त्यांतले एक-दोन चेहरे माझ्या ध्यानात आहेत. त्यांच्याबद्दल लिहायला मला संपादकांनी सांगितलेलं नाही आणि मी लिहिणारही नाही.

फोन अजून चालूच होता. पलीकडून पत्रावळ्यांची सळसळ आणि वाढप्यांच्या हाका येत होत्या. मधेच चंद्रकलाबाईंचा, घास तोंडात असतानाचा आवाज आला.

"भाजीत मीठ कमी हाय."

मुंजाजी डोळे उघडून कोपरावर उठायला लागले. मी फोन बंद केला आणि दोन्ही हातांनी त्यांचे खांदे धरून त्यांना परत उशीवर दाबलं.